जमिनीखालचं नगर

जेसीबीच्या केबिनमध्ये बसलेल्या ऑपरेटरला चारीचा तळ दिसत नाही. सीट फिरवून तो मागच्या बूमकडे तोंड करतो, दोन्ही हातांत लिव्हर असतात, आणि बकेट जमिनीच्या पातळीखाली गेली की तिचे दात कशात शिरलेत हे त्याला हातांना जाणवेल तेवढंच कळतं. काळ्या मातीत बकेट सहज उतरते. मुरूम लागला की बूमला खरखर येते. खडक लागला की अख्खं मशीन हिसका खातं. चारीच्या काठावर हेल्पर उभा असतो. तो वाकून खाली बघतो आणि हातानं खुणा करतो: घे, थांब, डावीकडे. इंजिनाच्या आवाजात ओरडलेलं ऐकू येत नाही, म्हणून सगळा कारभार खुणांवर. उसाच्या ट्रॅक्टरला वाट करून द्यायला हेल्पर क्षणभर बाजूला सरकला, की ऑपरेटर अंदाजावर खोदत असतो.

मग मऊ मातीत बकेट कशाला तरी अडते आणि सुटते. काय तुटलं ते पुढच्या दोन-तीन सेकंदांत कळतं. पाण्याची लाइन असेल तर फवारा उठतो आणि बघता बघता चारी काठोकाठ भरते. विजेची केबल असेल तर दणका, लखलखाट, जळक्या रबराचा वास, आणि पाठोपाठ आजूबाजूच्या दुकानांतले पंखे बंद. गॅसची लाइन असेल तर तीक्ष्ण शिट्टी आणि सिलिंडर गळाल्यावर येतो तोच उग्र वास. फायबर असेल तर तिथं काहीच घडत नाही. काळ्या नळीतून केसासारखे धागे लोंबतात, ऑपरेटर ते बाजूला सारून पुढं सरकतो, आणि कुठल्या तरी गावच्या दूध संकलन केंद्रात, पतसंस्थेच्या काउंटरवर, ग्रामपंचायतीच्या संगणकावर सगळं ठप्प होतं.

या तुटण्याला आपण अपघात म्हणतो. ऑपरेटर नवा होता, घाईत होता, बेफिकीर होता, असं म्हणून विषय संपवतो. मला हे पटत नाही. जमिनीत काय, कुठं, किती खोल पुरलं आहे याची नोंद ज्यांनी ठेवायची त्यांनी ठेवली नाही, हे त्यातल्या बहुतेक अपघातांचं मूळ आहे. ऑपरेटर हा त्या साखळीतला सगळ्यात शेवटचा माणूस, आणि मार खाणाराही बहुधा तोच. पैशाचं गणित बघितलं तरी हे लक्षात येतं. मशीनचा मालक तासावर भाडं घेतो. कंत्राटदाराचं बिल रनिंग मीटरवर निघतं. लाइन कुठून गेली आहे हे शोधायला दोन तास मशीन उभं ठेवलं, तर ते तास कुणाच्याच बिलात बसत नाहीत.

नगरसारख्या गावात तर हा प्रश्न पाचशे वर्षं जुना आहे. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव सरकारदरबारी अहिल्यानगर झालं, तरी जमिनीखाली अजून निजामशाही आहे. पंधराव्या शतकाच्या शेवटी मलिक अहमद निजामशहानं सीना नदीच्या काठी हे शहर वसवलं. पाऊस बेताचा आणि उन्हाळ्यात नदीत पाणी नाही. म्हणून निजामशाहीतल्या सरदारांनी आणि वजिरांनी आसपासच्या उंच जागांवरून शहरात पाणी आणलं, आणि ते जमिनीखालून आणलं. कापूरवाडी, शेंडी, वडगाव, भिंगार, शहापूर अशा गावांच्या बाजूनं हे नळ शहराकडे येत. भाजक्या मातीचे नळ एकात एक बसवून भोवती चुन्याचं बांधकाम करायचं, उतार असा धरायचा की पाणी आपोआप वाहत राहील, आणि मध्ये ठिकठिकाणी हवा सुटायला, गाळ काढायला जागा ठेवायची. नगरकर या नळांना खापरी नळ म्हणतात. या पाण्यावर राजवाडे, बागा, हमाम, मशिदी आणि वस्तीतले हौद चालत. सलाबतखानानं पुरा केलेला फराहबाग, १५८३ चा, एका मोठ्या तलावाच्या मधोमध उभा होता. तो तलाव आज कोरडा आहे, महाल मात्र उभा आहे.

१८८४ च्या गॅझेटियरमध्ये या नळांची तपशीलवार नोंद आहे. म्हणजे नळ बांधल्याला तीनशे वर्षं होऊन गेल्यावर, राज्य चार वेळा बदलल्यावरही, कुठला नळ कुठून निघतो हे लिहून ठेवणारा माणूस होता आणि त्यातले काही नळ पाणीही देत होते. त्यानंतर शहर वाढलं. ब्रिटिश अमदानीतच पिंपळगाव माळवीचा तलाव झाला, लोखंडी नळ आले, पुढं मुळा धरण झालं. खापरी नळांची गरज संपली आणि गरजेबरोबर त्यांची आठवणही गेली. आता घराचा पाया खोदताना किंवा भुयारी गटाराची चारी घेताना चुन्याचा कठीण पट्टा लागतो, त्याच्या आत गोल भाजक्या मातीचं तोंड दिसतं, कधी त्यातून पाणीही येतं. मजूर चार मिनिटं कुतूहलानं बघतात आणि ब्रेकर पुन्हा चालू होतो.

पुण्यात मार्च २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोचं खोदकाम चालू असताना पाण्याचा जुना बोगदा असाच अचानक उघडा पडला. तेव्हा काम थांबलं, अभ्यासकांना बोलावलं, वर्तमानपत्रांनी पानं भरली. पुण्याला ते जमतं कारण तिथं नहराबद्दल, म्हणजे जुन्या भुयारी पाणीवाटेबद्दल, आस्था असलेली, आवाज करणारी माणसं आहेत. कात्रजच्या पेशवेकालीन नहराचे उच्छ्वास, म्हणजे हवा सुटायच्या जागा, दाखवायला तिथं सहली निघतात. नगरच्या खापरी नळांचं काम तोडीस तोड आहे आणि वयानं दोनशे वर्षांच्या आसपास जुनं आहे. त्याचा एकसंध नकाशा शहराच्या बांधकाम परवानगीच्या टेबलावर असायला हवा.

आज नगर शहर पाणी पितं ते मुळा धरणाचं. राहुरी तालुक्यातल्या मुळानगरहून पाणी उपसायचं, विळदच्या टप्प्यावरून पुढं ढकलायचं आणि वसंत टेकडीच्या टाक्यांत चढवायचं, अशी ती वाट. ही मुख्य जलवाहिनी ज्या पट्ट्यातून येते तो नगर-मनमाड रस्त्याचा पट्टा, आणि या रस्त्याचं काम वर्षानुवर्षं कुठं ना कुठं चालू असतं. जलवाहिनी फुटली, अमुक भागाला पाणी एक दिवस उशिरा येईल, ही बातमी नगरकरांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती वाचून कुणी पानही उलटत नाही, फक्त टाकीत किती पाणी आहे ते बघायला गच्चीवर जातो.

लाइन फुटली की तिच्यातून वाया गेलेलं पाणी दिसतं. न दिसणारी गोष्ट जास्त वाईट आहे. ज्या शहरात रोज, चोवीस तास पाणी असतं तिथं नळ कायम दाबाखाली असतात; भोक पडलं तर आतलं पाणी बाहेर येतं. नगर शहराच्या बऱ्याच भागांत पाणी दिवसाआड येतं. मधल्या काळात नळ रिकामे असतात. रिकाम्या नळाला तडा असेल आणि शेजारून गटाराची लाइन गेली असेल, तर बाहेरचं घाण पाणी आत शिरतं आणि पुढच्या पाळीला पहिल्या धारेबरोबर घराघरांत जातं. एखाद्या गल्लीत अचानक कावीळ किंवा जुलाबाचे रुग्ण वाढले तर आधीच्या महिन्यात तिथं कुणी खोदलं होतं ते बघावं. जेसीबीच्या दातानं पीव्हीसी नळाला गेलेली बारीक चीर खोदणाऱ्याला दिसतही नाही. माती लोटली की काम झालं.

अशा वेळी शहराला वाचवतो तो वॉलमन. कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की कुठल्या कॉलनीचं पाणी बंद होतं, हे त्याला तोंडपाठ असतं. कुठल्या वळणावर लाइन रस्ता सोडून एखाद्याच्या कंपाउंडमध्ये शिरली आहे, कुठं जुनी कास्ट आयर्नची लाइन तशीच मेलेली पडून आहे आणि कुठं तीच लाइन कुणीतरी परत जोडून घेतली आहे, हेही त्यालाच माहीत. ‘जुन्या पिंपळापासून चार पावलं’ अशा खुणांवर हा सगळा नकाशा उभा असतो. पिंपळ रस्ता रुंदीकरणात जातो, वॉलमन निवृत्त होतो, आणि त्याच्या जागी कंत्राटावर आलेल्या मुलाला हातात चावी मिळते, खुणा मिळत नाहीत. भरीस भर म्हणजे रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढत जातात आणि व्हॉल्व्हची झाकणंच त्याखाली गाडली जातात. लाइन फुटते तेव्हा पाणी बंद करायला आधी डांबर फोडून झाकण शोधावं लागतं. पाणी वाहत असलेला तो सगळा वेळ तुमच्या-माझ्या पाणीपट्टीतला असतो.

शोधायची यंत्रं नाहीत असं नाही. विजेची केबल आणि लोखंडी नळ लोकेटरनं सापडतात. प्लॅस्टिकचा किंवा जुना सिमेंट-ॲस्बेस्टॉसचा नळ मात्र लोकेटरला दिसत नाही, कारण त्यात धातू नाही. प्लॅस्टिक नळाबरोबर एक तांब्याची तार टाकली तर पुढच्या पिढीला तो सापडू शकतो. तारेचा खर्च नळाच्या मानानं किरकोळ असतो, पण निविदेत ती नसेल तर पडत नाही. जमिनीत रडारच्या लहरी सोडून बघण्याचं तंत्रही आहे. त्याची अडचण अशी की ओलसर चिकणमाती या लहरी शोषून घेते. मुरमाड, खडकाळ जमिनीत रडार चांगलं बघतं आणि आपल्या काळ्या जमिनीत जेमतेम वरचा थर. शिवाय हीच काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पुरलेल्या नळाचे सांधे हलवत राहते. तेव्हा या भागात नोंद ठेवण्याला पर्याय नाही.

विजेच्या बाबतीत नियम स्पष्ट आहेत. भारतीय मानकाप्रमाणे साध्या दाबाची केबल किमान ७५ सेंटिमीटर, ११ हजार व्होल्टची ९० सेंटिमीटर आणि ३३ हजारांची १.०५ मीटर खोल हवी. खाली वाळू, मध्ये केबल, वर पुन्हा वाळू, त्यावर विटा किंवा फरशा, आणि रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर खुणेचे दगड. ही वीट म्हणजे खोदणाऱ्याला दिलेला इशारा असतो. मुरमात अचानक नीट ओळीनं मांडलेल्या विटा दिसल्या की मशीन थांबवायचं, पुढं पहार आणि फावड्यानंच जायचं. अडचण अशी होते की रस्ता खाली घेतला किंवा कडेची माती उकरून नेली की मूळ ९० सेंटिमीटरचे ४० उरतात आणि कागदावर मात्र ९०च राहतात.

केबल तुटल्यावर काय करावं हे प्रत्येक ऑपरेटरला पाठ हवं, म्हणून इथं सविस्तर लिहितो. केबिनमधून उतरू नका. बूम वर घेता आली तर घ्या, नाही तर तसेच बसून राहा आणि महावितरणकडून लाइन बंद केल्याची खात्री होईपर्यंत थांबा. आवाज थांबला, ठिणग्या थांबल्या, म्हणजे केबल मेली असं धरू नका. फिडर ट्रिप झाला की फॉल्ट कायमचा आहे का हे बघायला सबस्टेशनवरून तो पुन्हा चालू करून बघतात, आणि त्या क्षणी मशीनला हात लावून उभा असलेला हेल्पर जातो. मशीनला आग लागली आणि उतरणं भागच पडलं, तर दोन्ही पाय जुळवून उडी मारा, एकाच वेळी मशीन आणि जमीन दोन्हीला स्पर्श होऊ देऊ नका, आणि पाय जुळवूनच छोट्या उड्या घेत लांब जा. जमिनीत पसरलेला दाब पावलागणिक बदलतो. लांब ढांग टाकली तर एका पायातून शिरलेला करंट दुसऱ्यातून बाहेर पडतो.

गॅस नगर जिल्ह्याला नवा आहे. भारत पेट्रोलियमच्या नळगॅसचं जाळं नगर आणि छत्रपती संभाजीनगर या दोन जिल्ह्यांत पसरतं आहे. इंडियन ऑइलची कोयली-अहमदनगर-सोलापूर तेलवाहिनीही या जिल्ह्यासाठी आखलेली. अशा मोठ्या वाहिन्यांचा पट्टा १९६२ च्या कायद्याखाली असतो. जमीन शेतकऱ्याचीच राहते, पीक घेता येतं, पण त्या पट्ट्यात घर, विहीर, तळं बांधता येत नाही आणि झाड लावता येत नाही. शेताच्या बांधावर उभे असलेले पाटीचे खांब त्यासाठी आहेत. ते उपटून गोठ्याला लावण्याचे उद्योग कृपा करून कुणी करू नयेत.

शहरातली गॅसची नळी मात्र पिवळ्या प्लॅस्टिकची असते आणि ती सहज कापली जाते. कापली गेली तर मशीन तिथंच सोडून वारा जिकडून येतो त्या बाजूला लांब जायचं, बंद पडलेलं इंजिन पुन्हा चालू करायचं नाही, फोन लांब गेल्यावरच करायचा. नळी वाकवून दाबायची नाही, वर माती तर मुळीच लोटायची नाही. दाबलेला गॅस मातीखालून वाट काढतो, गटारात शिरतो आणि गटारातून कुणाच्या तरी घरात. दक्षिण कोरियातल्या देगू शहरात २८ एप्रिल १९९५ रोजी हेच झालं. एका दुकान-संकुलाच्या बांधकामावर ड्रिलिंग करताना गॅसची लाइन फुटली, गॅस भुयारी मार्गांनी जवळच्या मेट्रोच्या खोदकामात साठला, आणि गॅस कंपनीला कळवायला उशीर झाला. सकाळच्या गर्दीच्या वेळी स्फोट झाला. १०१ माणसं गेली, त्यांत शाळेत निघालेली मुलं बरीच होती.

त्याहून मला अस्वस्थ करते ती बेल्जियममधल्या गिलेंगियांची गोष्ट. तिथं एका औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या यंत्रानं उच्च दाबाच्या गॅसवाहिनीला ओरखडे काढले. वाहिनी तेव्हा फुटली नाही. ओरखडे तसेच मातीखाली गेले. ३० जुलै २००४ रोजी वाहिनीतला दाब वाढला आणि ती त्या जखमेपाशी फुटली. २४ जण मृत्युमुखी पडले, त्यांत गळतीची खबर मिळून तिथं आलेले अग्निशमन दलाचे जवान होते. नुसता धक्का लागला, गळलं तर काही नाही, मग कशाला बोंब मारायची, हा विचार बांधकामावरच्या प्रत्येकाच्या मनात येतो. तो येतो कारण सांगितलं की दंड, शिव्या आणि पगारातून कपात, आणि दाबून टाकलं की काहीच नाही. ही व्यवस्था उलटी करायला हवी. जो ऑपरेटर स्वतःहून ‘इथं माझ्या हातून लागलं’ असं सांगेल, त्याच्या केसालाही धक्का लागता कामा नये. दाबून टाकणाऱ्या कंत्राटदाराचं मात्र बिल अडलं पाहिजे.

कायदा आहे का? आहे, आणि अगदी अलीकडचाही आहे. देशात दरवर्षी सुमारे १० लाख वेळा फायबर तुटते आणि त्यात सुमारे ३,००० कोटी रुपयांचं नुकसान होतं, असा सरकारचाच हिशेब आहे. त्यावर उपाय म्हणून २२ मार्च २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू झालं. खोदणाऱ्यानं आधी जागा टाकायची, त्या जागेखाली ज्यांच्या लाइन आहेत त्यांना निरोप जातो, आणि ते आपली लाइन कुठं आहे ते कळवतात. त्याआधी जानेवारीत आलेल्या नियमांनी अशी पूर्वसूचना बंधनकारक केली आणि नुकसान झालं तर भरपाई लावली. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तर साध्या जाळ्याचं नुकसान केल्यास भरपाईशिवाय ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. उलट २००३ च्या वीज कायद्यात निष्काळजीपणानं वीजवाहिनी तोडल्याचा दंड आहे १० हजार रुपयांपर्यंत. जिच्यानं माणूस मरतो त्या केबलची किंमत इतकी कमी असावी, हे मला अजिबात मान्य नाही.

ॲप चांगलंच आहे. पण ते तेवढंच सांगतं जेवढं लाइनच्या मालकांनी त्यात भरलं आहे. नगरपालिकेच्या काळात पडलेली पाण्याची लाइन, ग्रामपंचायतीची वस्तीवरची लाइन, जलजीवन मिशनच्या घाईत टाकलेला नळ, यांचे नकाशेच नसतील तर ॲपनं काय दाखवायचं? जलजीवनच्या चाऱ्यांनी गावोगावी भारतनेटची फायबर तोडली आणि फायबरच्या चाऱ्यांनी पाण्याचे नळ तोडले, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. दोन्ही योजना सरकारच्याच आहेत आणि गावाच्या एकाच रस्त्याच्या एकाच कडेनं जातात.

शहराबाहेर पडलं की आणखी एक जाळं आहे, ज्याची मोजदाद कुठल्याच कार्यालयात नाही. प्रवरा, मुळा, गोदावरीच्या काठानं शेतकऱ्यांनी स्वखर्चानं पाइपलाइन टाकल्या. नदीकाठी मोटर, आणि तिथून दोन-दोन, तीन-तीन किलोमीटर दुसऱ्यांच्या शेतांखालून आपल्या शेतापर्यंत नळ. कर्ज काढून, दागिने मोडून टाकलेल्या या लाइन आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं ४९ वं कलम तहसीलदाराच्या परवानगीनं दुसऱ्याच्या शेतातून अशी लाइन न्यायचा हक्क देतं, आणि नळ जमिनीखाली किमान अर्धा मीटर असावा असं सांगतं. संहिता १९६६ ची. तेव्हाचा नांगर वीतभर जाई. आज उसाच्या रानात ट्रॅक्टरला लावलेला सबसॉयलर दोन फुटांपर्यंत जातो. त्यात कुणी रान सपाट करायला डोझर फिरवला तर नळावरची माती आणखी कमी होते. मग शेततळं खोदताना, बांध कोरताना किंवा नुसतं रान फाडताना शेजाऱ्याची लाइन फुटते, ऐन उन्हाळ्यात, ऊस वाळायला लागलेला असताना. दोन भावकींतलं बोलणं बंद होतं, प्रकरण तहसीलला आणि तिथून कोर्टात. यावर कमी खर्चाचा इलाज आहे. नळ टाकतानाच तो एक मीटर खोल घ्यावा, बांधावर दगड रोवावेत, आणि तलाठ्याकडे नकाशासह अर्ज देऊन पोच घ्यावी.

मुंबईसारख्या श्रीमंत महापालिकेचीही यातून सुटका नाही. ठाण्यात किसननगर भागात एका खासगी बांधकामासाठी घेतलेली बोअरवेल शंभर मीटरहून खोल असलेल्या मुंबईच्या जलबोगद्यात घुसली. दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून मुंबईला १५ टक्के पाणीकपात सोसावी लागली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला अंधेरीत सीप्झजवळ मेट्रोच्या कामात १,८०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी फुटली आणि पश्चिम उपनगरं तहानलेली राहिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये आरसीएफ या खत कंपनीच्या आवारात ‘गेल’ या सरकारी गॅस कंपनीच्या मुख्य वाहिनीला दुसऱ्याच कुणाच्या कामात इजा झाली आणि मुंबईच्या रिक्षा-टॅक्सी सीएनजीच्या रांगेत अडकल्या. ठाण्यातल्या त्या एका बोअरच्या जागेची चौकशी एका टेबलावर झाली असती तरी एवढ्या मोठ्या शहराची पाणीकपात टळली असती.

जमिनीखाली काय आहे ही माहिती किती मोलाची असते हे नगरच्या किल्ल्यानं एकदा पाहिलं आहे. १५९५ च्या अखेरीस शहाजादा मुरादच्या मुघल फौजेनं किल्ल्याला वेढा घातला आणि तटाखाली सुरुंग खणून त्यांत दारू ठासली. मुघलांच्या छावणीतल्याच एका माणसानं रातोरात सुरुंगांच्या जागा किल्ल्यात कळवल्या. किल्ला लढवणाऱ्या चांदबिबीच्या माणसांनी आतून खोदायला सुरुवात केली. दोन सुरुंग त्यांनी निकामी केले. तिसऱ्यापर्यंत ते पोचत असतानाच मुघलांनी बत्ती दिली, तट फुटला आणि आत खोदणारी माणसं तिथंच गाडली गेली. चांदबिबीनं स्वतः उभं राहून रातोरात खिंडार बुजवलं आणि किल्ला राखला. इतिहासकार फिरिश्त्याच्या ग्रंथात हे सारं आहे. जागा वेळेवर कळली ते दोन सुरुंग कुणाचा जीव घेऊ शकले नाहीत.

आता करायचं काय, तर फार अवघड काही नाही. प्रत्येक चारी उघडी असताना तिच्यातल्या सगळ्या लाइनची खोली आणि कडेच्या पक्क्या इमारतीपासूनचं अंतर मोजून नोंदवायचं, आणि ही नोंद जमा झाल्याशिवाय शेवटचं बिल काढायचं नाही. महापालिकेनं आणि नगरपालिकांनी निवृत्तीला आलेल्या वॉलमनना सन्मानानं बोलावून, त्यांच्याबरोबर फिरून, त्यांच्या डोक्यातला नकाशा मोबाइलवर उतरवून घ्यावा. त्या फिरण्याचे त्यांना पैसे द्यावेत. अमेरिकेत २००७ पासून ८११ या एका नंबरवर फोन केला की खोदण्याआधी लाइनवाले येऊन रस्त्यावर रंगानं खुणा करून जातात: वीज लाल, गॅस पिवळा, पाणी निळं, गटार हिरवं, टेलिफोन-इंटरनेट नारिंगी. चुन्याच्या फक्कीनं कबड्डीचं मैदान आखणाऱ्या जिल्ह्याला हे जड जायचं कारण नाही. आणि मशीन लावण्याआधी दर काही मीटरवर हातानं एक चाचणी खड्डा घ्यायचा, त्याची मजुरी निविदेतच वेगळी धरायची.

वाचकांनाही एक विनंती. तुमच्या गल्लीत, वस्तीवर, शेताच्या बांधाला कधी ना कधी चारी उघडी पडेलच. ती बुजवण्याआधी मोबाइलवर दोन फोटो काढा, एक चारीच्या आतला आणि एक असा की ज्यात घर, खांब किंवा विहीर ओळखू येईल. टेप असेल तर अंतर मोजा, वहीत तारीख टाकून लिहा, आणि एक प्रत ग्रामपंचायतीला किंवा वॉर्डच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. स्वतः बोअर घेणार असाल, पाया खोदणार असाल, तर आधी पाणीपुरवठा विभाग, महावितरण आणि गॅस कंपनी या तिघांना लेखी विचारा. मशीन येण्याच्या किमान आठ दिवस आधी विचारा.